रविवारची फोर्ट फोटोवॉक: दीड हजार रुपयांत काय मिळते

हौशी छायाचित्रकारांना घेऊन रविवारी सकाळी दक्षिण मुंबईत निघणाऱ्या पायी फेऱ्यांना आता सगळेच फोटोवॉक म्हणतात. अशाच एका लहान गटाच्या फेरीला मी जानेवारीत १,५०० रुपये भरून गेलो. गटाचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण मला जाणवलेल्या उणिवा या प्रकारच्या बहुतेक फेऱ्यांत असतात, असे याआधी दोन-तीन ठिकाणी जाऊन आलेल्या मित्रांचेही म्हणणे पडले. सकाळी पावणेसातला गेटवे ऑफ इंडिया येथे जमायचे, तेथून काळा घोडा, ओव्हल मैदान, हुतात्मा चौक आणि एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाच्या पायऱ्या करत साडेदहाला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर थांबायचे, असा मार्ग होता. तुकडी बारा जणांची असेल असे सांगितले होते. प्रत्यक्षात आम्ही एकोणीस होतो, आणि त्यांतले निम्मे मोबाइलवर छायाचित्रे काढणारे होते.

आरंभ उत्तम झाला. थंडीत सूर्य आग्नेयेकडून वर येतो, त्यामुळे शहराच्या बाजूने पाहिले असता तो जवळजवळ कमानीच्या मागेच दिसतो. जॉर्ज विटेट यांनी आराखडा केलेली आणि १९२४ साली पूर्ण झालेली ही वास्तू आपण पोस्टकार्डांवर इतक्या वेळा पाहिलेली असते, की कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच फोटो ठरून गेलेला असतो. त्या सकाळी मात्र कमान काळी ठिक्कर होती, तिच्या पोकळीत धुरकट केशरी उजेड साचला होता आणि त्यातून लाँचची वाट पाहणारी माणसे सावल्यांसारखी ये-जा करत होती. पाठ वळवली की बंदराकडे तोंड करून उभे असलेले १९०३ सालचे ताजमहाल हॉटेल त्याच उजेडात न्हालेले. येथे आम्हांला पंचवीस मिनिटे दिली, ती पुरेशी होती.

मला खरा धडा मिळाला तो मात्र आयोजकांकडून नव्हे. गळ्यात कॅमेरा आणि खांद्यावरच्या पिशवीत छोटा प्रिंटर घेऊन पर्यटकांचे फोटो जागेवर काढून देणारे छायाचित्रकार गेटवेच्या आवारात नेहमीच असतात. त्यांतला एक जण साताऱ्याहून आलेल्या कुटुंबाला कमानीसमोर उभे करत होता. त्याने आजोबांना दोन पावले डावीकडे सरकवले, सुनेला सांगितले, "ताई, तोंड हॉटेलकडं करा, गेटकडं बघू नका," आणि फोटो काढून मोकळा झाला. कमान मागे ठेवून समोरचा उजेड चेहऱ्यावर कसा घ्यायचा, हे आमच्या मार्गदर्शकाने सांगायच्या आतच त्याने करून दाखवले होते.

काळ्या घोड्याला मार्गदर्शक मनापासून बोलला, याचे श्रेय त्याला द्यायला हवे. ब्रिटिश राजा सातव्या एडवर्डचा मूळ अश्वारूढ पुतळा १९६५ साली येथून हलवला गेला, तो आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे आणि आज दिसणारा स्वाराविना घोडा २०१७ साली बसवलेला आहे, हे त्याने थोडक्यात सांगितले आणि मग आम्हांला एस्प्लनेड मॅन्शनसमोर उभे केले. इंग्लंडमध्ये ओतून येथे आणलेल्या लोखंडी सांगाड्यावर उभे राहिलेले हे पूर्वीचे वॉटसन्स हॉटेल, जेथे ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे मुंबईला प्रथम दाखवली गेली, ते आज मोडकळीला आलेले आहे. कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्या माणसाने या इमारतीपुढे दोन मिनिटे थांबावे, यात औचित्य आहेच. त्याने रुंद कोनाची लेन्स पिशवीत ठेवायला लावून फक्त गंजलेले कठडे आणि खांब टिपायला सांगितले, ही सूचना फार चांगली होती.

ओव्हल मैदानापासून मात्र या फेरीतली मूलभूत चूक उघडी पडू लागली. राजाबाई टॉवर, विद्यापीठ आणि उच्च न्यायालय ही सगळी रांग पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे, कारण ती बांधली गेली तेव्हा समोर मोकळे मैदान आणि त्यापलीकडे बॅक बेचा समुद्र होता. मैदानाच्या पश्चिम कडेच्या आर्ट डेको शैलीतल्या इमारती समुद्रात भरणी झाल्यानंतर, १९३० च्या दशकात आल्या. परिणाम असा, की सकाळी आठ वाजता आर्ट डेकोचे सज्जे आणि गोलसर कोपरे लख्ख उजळलेले असतात आणि १८७८ साली पूर्ण झालेला, २८० फूट उंचीचा राजाबाई टॉवर काळवंडलेला दिसतो. या दोन्ही रांगांना मिळून २०१८ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, परंतु एकाच वेळी दोघींना उजेड मिळत नाही. आयोजकांनी आम्हांला टॉवरकडे तोंड करून उभे केले. मी आणि आणखी दोघे पाठ फिरवून मैदानातले क्रिकेट टिपू लागलो: एकमेकांत घुसलेले सामने, पांढरे कपडे, खेळाडूंपेक्षा दुप्पट लांब सावल्या आणि भलत्याच सामन्यातला चेंडू परत फेकणारा क्षेत्ररक्षक.

हाच घोळ पुढेही चालू राहिला. एशियाटिकचा १८३३ सालचा टाऊन हॉलही पश्चिमाभिमुख, म्हणून त्याचे ग्रीक धाटणीचे डोरिक खांब सावलीत. शेवटचा मुक्काम असलेले छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसही तसेच. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांची ही वास्तू, जिचे काम १८७८ ते १८८८ असे दहा वर्षे चालले, ती सकाळी साडेदहालाही सूर्याकडे पाठ करून उभी होती, आणि रस्त्यापलीकडची त्याच स्टीव्हन्स यांची १८९३ सालची महापालिकेची इमारत उन्हात चमकत होती. मी विचारल्यावर मार्गदर्शक म्हणाला, "सर, सीएसएमटी शेवटी ठेवतो, कारण तेथून सगळ्यांना गाडी मिळते." कारण सोयीचे आहे, पण दीड हजार रुपये मी गाडी पकडायला भरले नव्हते. वास्तूच पाहायच्या असतील तर ही फेरी दुपारी साडेतीनला निघाली पाहिजे.

हुतात्मा चौकाविषयी वेगळी तक्रार आहे. फ्लोरा फाउंटन १८६४ सालचे आहे आणि त्याचा दगड इंग्लंडमधील पोर्टलंडचा आहे, यावर पाच मिनिटे गेली; शेजारी मशाल धरून उभ्या असलेल्या कामगार आणि शेतकऱ्याबद्दल अर्धे वाक्य. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच परिसरात संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला होता, हे गटातल्या तरुणांना ठाऊकच नव्हते. कारंजे आणि स्मारक एका चौकटीत बसवायला थोडे मागे सरकावे लागते, इतकेच. पण स्मारक कापून काढलेले फोटोच आमच्यापैकी बहुतेकांच्या कार्डात गेले.

आता ज्या अर्ध्या तासासाठी मी ही फेरी वाया गेली असे म्हणणार नाही, तो सांगतो. दादाभाई नौरोजी मार्गाच्या पश्चिमेकडील इमारतींखालून कमानींचा सलग पदपथ जातो. नऊच्या सुमारास समोरच्या इमारतींवरून ऊन आत उतरू लागले, तेव्हा मार्गदर्शकाने प्रत्येकाला एकेक कमान वाटून दिली आणि वीस मिनिटे जागा सोडायची नाही, दहापेक्षा जास्त वेळा बटण दाबायचे नाही, अशी अट घातली. माझ्या वाट्याला आलेल्या कमानीत फरशीवर उन्हाचा पलंगपोसाएवढा तुकडा पडला होता. मी ३५ मिमीची लेन्स, छिद्र (ॲपर्चर) एफ ८ आणि शटर १/२५० सेकंद ठेवून वाट पाहत राहिलो. पहिल्या सात मिनिटांत काहीच घडले नाही. मग सायकलला किटली आणि कागदी कपांची माळ लटकवलेला चहावाला त्या तुकड्यातून गेला, आणि मी चुकलो. तो परत येताना किटलीच्या तोंडातून निघालेली वाफ उन्हात नेमकी पांढरी दिसली. खांबाशी एक वयस्क चर्मकार पेटी उघडत होते. "काका, फोटो काढू का?" असे विचारल्यावर म्हणाले, "माझा नको. पेटीचा काढा." पेटीच्या झाकणाला आतून देवाचे चित्र, खाली रंगांच्या डब्या, दाभण, मेणाचा गोळा आणि टाचांचे तुकडे आकारमानाप्रमाणे लावलेले. दहापैकी चार फोटो मी त्या पेटीवर खर्च केले आणि मला त्याचे वाईट वाटत नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. ट्रायपॉड नेऊ नका. मी नेला आणि साडेतीन तास काठीसारखा वागवला. महिलांसाठी स्वच्छतागृह कोठे आहे याची चौकशी आयोजकांनी आधी केलेली नव्हती, हे पैसे घेणाऱ्या सेवेला शोभत नाही. मोबाइलवाल्यांकडे मार्गदर्शकाने जवळजवळ लक्षच दिले नाही. शुल्कात धरलेली ऑनलाइन समीक्षा दहा दिवसांनी झाली आणि चाळीस मिनिटांत एकोणीस जणांचे फोटो उरकले गेले. माझ्या वाट्याला दोन मिनिटे आली, त्यांतले एक मिनिट आवाज येत नव्हता. शिवाय रविवारी डबेवाले नसतात, कचेऱ्या बंद असतात आणि फोर्ट रिकामा असतो. ज्यांना कॅमेरा बाहेर काढायचीच भीड वाटते, त्यांना हा रिकामेपणा उपयोगी पडेल. गर्दी टिपायची असलेल्यांनी आठवड्यातला कामाचा दिवस निवडावा.

कॅमेरा नुकताच घेतलेल्या आणि अनोळखी माणसासमोर तो उचलण्याचा संकोच वाटणाऱ्यांनी हे पैसे जरूर खर्च करावेत. ज्यांना वास्तूंची नीट छायाचित्रे हवी आहेत, त्यांनी दुपारी चर्चगेटला उतरून ओव्हलच्या पश्चिम कडेने चालायला लागावे आणि मावळतीच्या सुमारास टर्मिनससमोर पोहोचावे. त्याला कोणाचेही शुल्क लागत नाही. आयोजकांना मी दुपारची तुकडी सुचवली आहे. "बघू सर, उन्हाळा संपू दे," असे उत्तर आले.