सरप्लस पाऊच सेल घेताना इंदुरात मी कसा फसलो

मार्चमध्ये मी ६० लिथियम पाऊच सेल विकत घेतले. एक सेल ४०० रुपयांना, एकूण २४ हजार. त्यातले कामाचे निघाले १२. विकणाऱ्याने नेमकं काय काय केलं ते सविस्तर लिहितो, कारण असा माल अजूनही विकला जातोय आणि घेणारे बहुतेक माझ्यासारखेच, घरी नाहीतर छोट्या दुकानात बॅटरी पॅक बांधणारे आहेत.

मी रामबागेत राहतो, यूपीएस आणि इन्व्हर्टर दुरुस्तीचं काम करतो. चार वर्षांपासून खाण्याच्या ठेल्यांसाठी १२ व्होल्टचे छोटे पॅकही बांधतो. इंदुरात पहाटे अंधार असतानाच पोह्याचे ठेले लागतात, रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात उशिरापर्यंत गर्दी असते, दिव्याला बॅटरी सगळ्यांनाच लागते. लेड-अ‍ॅसिडची बॅटरी रोज उचलून माणसाची कंबर जाते, म्हणून लिथियमला गिऱ्हाईक आहे. तीन पाऊच सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग जोडायचे, त्यावर बीएमएस (सेलांच्या व्होल्टेजवर लक्ष ठेवणारं सर्किट), दोन्ही बाजूंनी सपाट पट्ट्यांचा दाब, आणि सगळं डब्यात. दाब द्यावाच लागतो, कारण गोल सेलसारखं पोलादी कवच पाऊचला नसतं. अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असलेली ती पिशवीच असते.

ओळखीच्या एकाने सांगितलं की सांवेर रोडकडे एका गोदामात सरप्लस माल आलाय. गेलो. ‘भिया, ऑर्डर कैंसल का माल है, एक बार भी यूज नहीं हुआ,’ असं म्हणत त्याने माझ्यासमोर एकेका सेलला मल्टिमीटर लावला. ३.८०, ३.८०, ३.८१, ३.८०. सगळ्यांवर नवंकोरं चकचकीत स्टिकर, २० एएच (अँपिअर-अवर, म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो ते), ३.७ व्होल्ट. दोन सेल त्याने स्वतःहून फुकट दिले, घरी जाऊन तपासा म्हणाला. मी तपासले. एक १९.३ एएच भरला, दुसरा १९.१. जुना माल असेल तर एवढी कपॅसिटी देणारच नाही, अशी माझी खात्री पटली. चार दिवसांनी जाऊन ६० उचलले. पैसे त्याने कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर यूपीआयने घेतले. बिल मागितलं तर पाठकोऱ्या कागदावर आकडा लिहून दिला. ‘सात दिवसांत खराब निघाला तर बदलून देतो’ हेही तोंडीच.

आता व्होल्टेजचं. काठोकाठ भरलेला हंडा आणि काठोकाठ भरलेला तांब्या, दोन्ही ‘भरलेले’च. मीटर फक्त काठ दाखवतो. २० एएचचा सेल आणि झिजून ७ एएचवर आलेला सेल, दोघेही ३.८० दाखवू शकतात. आणि रात्रभर सगळे सेल समांतर जोडून ठेवले की सकाळी कसलाही भंगार लॉट एका व्होल्टेजला येतो. हे मला माहीत होतं. तरीही ओळीने येणारा तो ३.८० पाहून मन निर्धास्त झालं, हे मान्य करतो.

घरी आणल्यावर मी सहा सेलांची पूर्ण तपासणी केली. ४.२ व्होल्टपर्यंत चार्ज, मग ४ अँपिअरने ३.० व्होल्टपर्यंत डिस्चार्ज. एका सेलला चार्ज धरून दहा-अकरा तास जातात. माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक लोड (सेल रिकामा करत कपॅसिटी मोजणारं यंत्र) एकच, आणि दिवसभराचं दुकान सांभाळून एका दिवसात एकच सेल होतो. सहा सेल, सहा दिवस. सगळे १८ एएचच्या वर. सातवा दिवस मी बायकोच्या माहेरच्या लग्नात होतो. बदलून देण्याची मुदत तिथेच संपली.

ते सहाही सेल मी पेटीच्या वरच्या थरातून उचलले होते. आंब्याची पेटी घेताना आपण खाली हात घालतो, इथे घातला नाही.

एप्रिलच्या अखेरीस दुसऱ्या थरातले तीन सेल घेऊन पहिला पॅक बांधला आणि आमच्या कोपऱ्यावरच्या पोहेवाल्या मामांना दिला. त्या तिघांची कपॅसिटी मी तपासली नव्हती. ही चूक माझी आहे, विकणाऱ्याची नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी सव्वासातला मामांचा फोन आला. ‘अहो, तुमच्या डब्याचं झाकण आपोआप वर आलंय. गोडसर वास येतोय, थिनरसारखा. काय करू?’ दिवा बंद करा, डब्याला हात लावू नका, गॅसची टाकी बंद करून लांब न्या, गिऱ्हाइकांना मागे करा, एवढं सांगून मी लोखंडी बादलीत वाळू भरून निघालो. डबा आणि सिलेंडर यांच्यात हातभर अंतर होतं. ते अंतर आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

डबा गार होता म्हणून बादलीत ठेवून आणू शकलो. बाहेरचे दोन सेल ठीक होते, ३.९ च्या आसपास. मधला उशीसारखा फुगलेला, पट्ट्या वाकवून बाहेर आलेला, ३.१ व्होल्टवर. बीएमएसने त्याचं काम केलं असणार, पण बीएमएसला व्होल्टेज कळतं, पिशवीत गॅस धरतोय हे कळत नाही. कमी कपॅसिटीचा सेल चांगल्या सेलांबरोबर सिरीजमध्ये बसला की तोच सगळ्यात आधी रिकामा होतो आणि तोच सगळ्यात आधी भरतो. बाकीचे आरामात चालतात, तो रोज दोन्ही टोकांना ताणला जातो.

त्या सेलच्या स्टिकरचा एक कोपरा गॅसने ताणून सुटला होता. नखाने ओढला तर सबंध निघाला. खाली काळ्या मार्करने लिहिलेलं होतं, ७.१. त्यावर एक तिरकी रेघ.

फुगलेला सेल पुन्हा चार्ज करायचा प्रश्नच नव्हता. पेटीतले दुसरे सेल काढून स्टिकर सोलत बसलो. ४१ सेलांवर आकडे निघाले. ९.६, ११.४, ६.८. ज्यावर ११.४ लिहिलं होतं तो माझ्या लोडवर ११.२ भरला. कुणीतरी आधीच प्रत्येक सेल नीट तपासून, आकडा टाकून, बाद केला होता. त्याच आकड्यावर २० एएचचं स्टिकर चिकटवून माल मला विकला. त्याला माल माहीत नव्हता असं मी इतके दिवस मनाला समजावत होतो, ते त्या दुपारी संपलं.

मग टॅब, म्हणजे सेलमधून बाहेर येणारे धातूचे जोड, पाहिले. फुकट दिलेल्या नमुन्याचे टॅब ३२ मिमी लांब, दोन्ही गुळगुळीत. पेटीतल्या खालच्या थरांचे २१ ते २४ मिमी, कापलेले, आणि काहींवर जुन्या वेल्डिंगचे बारीक ठिपके. एकदा पॅकमध्ये वेल्ड केलेला सेल काढताना टॅब बहुतेक कापावाच लागतो, त्यामुळे आखूड टॅब ही जुन्या मालाची सर्वांत सोपी खूण आहे. गोदामात मोजपट्टी लावली असती तरी कळलं असतं.

पूर्ण तपासणीला जवळपास दोन महिने गेले. १२ सेल १६ एएचच्या वर. २१ सेल १० ते १५ मध्ये. १८ सेल दहाच्या खाली. उरलेल्या ९ सेलांनी चार्जच धरला नाही: ४.१० व्होल्टवर ठेवले, तीन आठवड्यांनी चांगले सेल जागचे फारसे हललेही नव्हते, हे मात्र ३.६ वर, दोन तर २.९ वर. असे सेल बहुधा कधीतरी पार तळाला गेलेले असतात. सेल साधारण दोन व्होल्टच्या खाली पडून राहिला की आतल्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळू लागतं, आणि पुन्हा चार्ज केल्यावर ते नको तिथे जमून आतल्या आत शॉर्ट होतो. वरून व्होल्टेज पुन्हा छान दिसतं. ‘मेलेला सेल जिवंत केला’ असं कुणी कौतुकाने सांगितलं तर तो सेल घरात आणू नका.

हे सगळं घरी कळायला दोन महिने लागले, पण निम्मं तरी गोदामात एका मिनिटात कळतं. अर्ध्या ओहमचा, ५० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर बाजारात सहज मिळतो. सेलला दहा सेकंद लावायचा, सात-साडेसात अँपिअर ओढले जातात. रेझिस्टर तापतो, हाताने धरू नका. मीटरच्या पिना क्लिपवर लावायच्या नाहीत, सेलच्या टॅबवरच टेकवायच्या, नाहीतर क्लिपमध्ये होणारी व्होल्टेजची घटच मोजली जाते. माझ्या चांगल्या सेलांत व्होल्टेज २० ते ३० मिलिव्होल्ट उतरलं. दहाच्या खालच्या सेलांत १२० पासून २०० पर्यंत. आता मी तो रेझिस्टर पिशवीत घेऊनच जातो. कुणी लावू देत नसेल तर परत फिरतो.

आणि मुदतीचा हिशोब आधी करा. सात दिवसांत तुम्ही दहा सेल तपासू शकत असाल तर दहाच घ्या, तेही पेटी उलटी करून, आपल्या हाताने, खालून-मधून. साठ सेल आणि सात दिवस ही जोडी विकणाऱ्याने विचार करूनच ठरवलेली असते. नमुना त्याने निवडून दिलेला असेल तर तो नमुना धरू नका.

विकणाऱ्याला फोन केला तर ‘आपने गलत चार्ज किया होगा’ एवढंच उत्तर आलं, नंतर फोन लागेना. गोदामाला कुलूप. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली, यूपीआयचा पुरावा आणि सोललेल्या स्टिकरचे फोटो जपून ठेवलेत. पक्कं बिल असतं तर माझी बाजू किती भक्कम झाली असती हे आता कळतंय. पैसे अजून आलेले नाहीत.

खराब सेल मी छोट्या बल्बवर हळूहळू रिकामे केले. फुगलेला सेल मात्र न छेडता वाळूतच ठेवला. टोचून गॅस काढायचा सल्ला मला दोघांनी दिला. तसं कुणीही करू नका, आतल्या द्रवातून विषारी वायू निघतो आणि पेट घ्यायला एक ठिणगी पुरते. हे सेल कचरागाडीतही टाकायचे नाहीत. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हवेत, आणि मी तिथेच दिले.

१२ चांगल्या सेलांचे चार पॅक झाले. पहिला मामांना दिला, पैसे घेतले नाहीत. त्यांनी तो ठेल्यावर सिलेंडरपासून लांब, दुसऱ्या टोकाला बांधलाय.

इंदूर, देवास, उज्जैनकडे कुणाला २० एएचच्या चकचकीत स्टिकरचे पाऊच सेल स्वस्तात मिळत असतील, तर पैसे देण्याआधी खालच्या थरातल्या एका सेलचं स्टिकर सोलून बघा.