प्रॉक्समॉक्स क्लस्टर: बॅकअप-रिस्टोअर की कॉन्फिग हलवणं?

शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्रॉक्समॉक्सचे (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) दोन सुटे सर्व्हर होते, दोन्हीकडे चालू व्हीएम, म्हणजे आभासी मशीन. ते सर्व्हर एका क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र सांभाळता येणाऱ्या गटात, आणायचे होते. अडचण अशी की नव्याने जोडला जाणारा सर्व्हर रिकामा लागतो, कारण जोडताना त्याची ईटीसीतली पीव्हीई डिरेक्टरी (/etc/pve, जिथे व्हीएमच्या सेटिंगच्या म्हणजे कॉन्फिग फाइल्स असतात) पुसून क्लस्टरची येते. म्हणून क्लस्टर जास्त व्हीएम असलेल्या सर्व्हरवर तयार करा, तिथल्या व्हीएमना धक्का लागत नाही.

पहिला मार्ग सरळ आहे: व्हीझेडडम्पने (प्रॉक्समॉक्सचंच बॅकअप साधन) बॅकअप, व्हीएम काढून टाकायचे, सर्व्हर जोडायचा, नव्या आयडीने (व्हीएमचा क्रमांक) रिस्टोअर. वेळ मात्र खातो. एक गिगाबिटच्या नेटवर्कवर २ टीबी डेटाला एका बाजूचेच सुमारे ५ तास. तेवढ्यात मिसळ खाऊन, रंकाळ्याला फेरी मारूनही वेळ उरतो.

दुसरा मार्ग जुगाडाचा. व्हीएम बंद करून कॉन्फिग फाइल्स बाजूला कॉपी करायच्या, सर्व्हर जोडायचा, फाइल्स परत ठेवायच्या. डिस्क जागची हलत नाही, काम मिनिटांत. पण आयडी १०० पासून सुरू होत असल्याने दोन्हीकडे १०० हमखास सापडतो. मग फाइलचं नाव बदला, एलव्हीएममधल्या (लिनक्सची डिस्कची जागा वाटून देणारी सोय) डिस्कचं बदला, कॉन्फिगमधली ओळ बदला. शिवाय स्टोरेजची यादीही क्लस्टरचीच येते, आपलं स्टोरेज पुन्हा जोडावं लागतं.

मी पहिलाच मार्ग घेतला. टॅलीचा (हिशेबाचं सॉफ्टवेअर) डेटा असलेल्या मशीनवर हात चालवायची माझी छाती नाही. दुसरा घ्यायचाच तर बॅकअप आधी घ्याच, म्हणजे वाचला तो फक्त रिस्टोअरचा वेळ.

आणि दोनच सर्व्हर असतील तर क्यूडिव्हाइस (तिसरं मत देणारं बाहेरचं छोटं मशीन) लावा. नाहीतर एक बंद पडला की कोरम (मतांचं बहुमत) जातो आणि दुसऱ्यावर बंद असलेला व्हीएम सुरूच होत नाही.