कमोडवर बसणारा सिट्झ बाथ टब: चार महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या पहिल्या बाळंतपणात एपिसिओटॉमी करावी लागली, म्हणजे बाळाचे डोके बाहेर येताना योनीद्वारापाशी तिरका छेद देऊन नंतर तो विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवण्यात आला. घरी सोडताना दिलेल्या कागदावर ‘सिट्झ बाथ, दिवसातून दोन-तीन वेळा’ असे लिहिले होते. सिट्झ हा शब्द ‘बसणे’ या अर्थाच्या जर्मन शब्दावरून आलेला असून यात कोमट पाण्यात कमरेखालचा भाग बुडवून बसायचे असते. उकिडवे बसून घमेल्यात टेकणे त्या दिवसांत केवळ अशक्य असल्यामुळे नवऱ्याने कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून कमोडवर ठेवायचा प्लास्टिकचा टब आणला. साडेचारशे रुपयांच्या त्या वस्तूविषयी पुढे लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दामच देत नाही, कारण माझी तक्रार टबापेक्षा त्यासोबत आलेल्या पत्रकाविषयी जास्त आहे.

टबाची रचना साधी आहे. कमोडची सीट वर करून भांड्याच्या कडेवर तो ठेवायचा, कोमट पाण्याने अर्ध्याहून थोडा अधिक भरायचा आणि सावकाश बसायचे. जास्तीचे पाणी मागच्या भोकांतून कमोडमध्येच जाते. गोल तोंडाच्या कमोडवर तो घट्ट बसतो. आमचा कमोड चौकोनी वळणाचा असल्यामुळे टब एका बाजूला डगमगत असे आणि पहिल्या दिवशी पाणी माझ्या पायावर सांडले, म्हणून विकत घेण्यापूर्वी कमोडचे माप घ्यावे. सोबतची पाण्याची पिशवी आणि नळी मी दोनदाच वापरली. ती टांगायला भिंतीत खिळा हवा आणि बसल्या जागेवरून तिची चाप उघडायला तिसरा हात हवा.

आरामाच्या बाबतीत मात्र टबाला पूर्ण गुण द्यावे लागतील. मनगटावर तपासून घेतलेल्या कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बसल्यावर टाक्यांची ओढ सैल पडत असे, आणि शौचानंतर होणारी आग, जिच्या धास्तीने मी पहिले तीन दिवस शौचाला जाणेच टाळले होते, ती निम्म्याने कमी होत असे. ज्यांच्याकडे डिंकाच्या लाडवांचा मारा चालू आहे त्यांनी पाणी, भाजी आणि डॉक्टरांनी दिलेले पोट साफ होण्याचे औषध यांची सांगड अवश्य घालावी, कारण कुंथल्यामुळे टाक्यांवर येणारा ताण कोणताही टब उतरवू शकत नाही.

आता पत्रकाविषयी. ‘टाके झटपट भरतात’ असा दावा त्यात ठळक अक्षरांत होता आणि पाण्यात जंतुनाशकाची दोन झाकणे टाकण्याची सूचना होती. कोमट पाण्याने वेदना आणि आखडलेपण कमी होते, परंतु जखम भरण्याचे काम शरीर आपल्याच गतीने करते. वरची कातडी साधारण दोन-तीन आठवड्यांत सांधते, धागे विरघळायला कित्येक आठवडे जातात (त्यांचे तुकडे पॅडवर दिसले तर दचकू नये), आणि आतला व्रण मऊ होण्याची प्रक्रिया वर्षभरही चालू राहू शकते. मी पत्रकावर विश्वास ठेवून जंतुनाशक घातले, सुवासिक वॉश वापरला आणि आईच्या आग्रहाखातर ओवा-शेपांची धुरीही घेतली. चौथ्या आठवड्यात त्या जागी लालसरपणा, खाज आणि कातडी तडकल्यासारखी चुरचुर सुरू झाली. टाके पिकले अशी माझी समजूत झाली आणि मी टबात बसण्याच्या वेळा दोनवरून चारवर नेल्या.

डॉक्टरांनी तपासून सांगितले, “जखम सांधली आहे, आता तिला त्रास तुम्हीच देत आहात.” त्यांनी दोन आठवड्यांसाठी जंतुनाशक, वॉश, सुगंधी पॅड आणि धुरी सगळे बंद केले. साधे पाणी, न चोळता टिपून कोरडे करणे, सैल सुती कपडे आणि पॅड वेळेवर बदलणे एवढेच ठेवले. अंगावर पाजत असताना इस्ट्रोजेन कमी असल्यामुळे तिथली त्वचा कोरडी आणि हळवी राहते, हेही त्यांनी समजावले. चुरचुर आठवड्याभरात ओसरली. व्रणाचे मालीश त्यांनी सहाव्या आठवड्याच्या तपासणीनंतरच, तेही जखम पूर्ण मिटल्याची खात्री झाल्यावर, सुरू करायला सांगितले. आईला धुरी बंद करण्याचा निर्णय पटवणे मात्र टाक्यांपेक्षा अवघड गेले. शेवटी शेगडी खोलीत राहिली आणि शेक फक्त पाठीला मिळाला.

टबाचा खरा दोष, म्हणजे त्याच्या आरामात दुखणे झाकले जाणे, मला सातव्या आठवड्यात कळला. पॅडवर अधूनमधून ताज्या रक्ताचे ठिपके येत होते, पण पाण्यात बसले की बरे वाटत असल्यामुळे मी दहा दिवस ते अंगावर काढले. व्रणाच्या टोकाशी मऊ, लालभडक, स्पर्श होताच रक्त येणारा कण वाढला होता. भरून येताना कधीकधी असे अतिरिक्त मांस तयार होते. डॉक्टरांनी त्याला सिल्व्हर नायट्रेटची (वाढलेले मांस जाळणाऱ्या रसायनाची) कांडी लावली, क्षणभर झोंबले, दोन-तीन दिवस करडा स्राव गेला आणि प्रश्न मिटला. काही जणींना हे पुन्हा करावे लागते.

पत्रक छापणाऱ्यांनी जंतुनाशकाऐवजी डॉक्टरांकडे कधी जावे हे छापले असते तर मी अर्धा तारा अधिक दिला असता. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, दिवसागणिक कमी होण्याऐवजी वाढणारी वेदना, पू किंवा दुर्गंधीयुक्त स्राव, वाढती सूज, टाक्यांच्या कडा उकललेल्या दिसणे, शौच किंवा वायू रोखता न येणे, लघवी अडणे, यांपैकी काहीही असल्यास टबात पाणी न भरता त्याच दिवशी दाखवावे. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल तर थेट रुग्णालयच गाठावे. जखम भरल्यानंतरही संबंधांच्या वेळी दुखत राहणे, व्रणावर गाठ लागणे किंवा पांढरट चट्ट्यांसह खाज येणे यांत तितकी घाई नसली तरी ‘बाळंतपणात असे व्हायचेच’ म्हणून ते सोडून देऊ नये. सरसकट सर्वांना छेद देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शिकेत केलेली नाही, तेव्हा पुढच्या खेपेस त्याविषयी आधीच विचारण्याचे मी ठरवले आहे.

पाचपैकी साडेतीन तारे. मागच्या महिन्यात माझ्या मावसबहिणीने हाच टब वापरायला मागितला. वापरलेला टब देणे मला योग्य वाटले नाही, म्हणून तिला नवा आणून दिला आणि त्यातल्या पत्रकावरची जंतुनाशकाची ओळ पेनाने खोडून खाली डॉक्टरांचा फोन नंबर लिहिला.