‘सेल्फ जळलाय’ असं कोणी सांगितलं, तर जुना सेल्फ हातचा सोडू नका

देवबाग-तारकर्लीपासून मालवण जेटीपर्यंत आउटबोर्ड इंजिनावर पर्यटकांच्या बोटी चालवणारे आपण सगळे एकाच अडचणीत सापडतो. दिवाळीच्या सुट्टीत किनारा माणसांनी भरलेला असतो आणि नेमकं तेव्हाच इंजिन सेल्फ घेत नाही, म्हणजे किल्ली मारल्यावर इंजिन फिरवून सुरू करणारी छोटी मोटर (स्टार्टर) काम करत नाही. एक दिवस बोट बांधून ठेवणं परवडत नाही, हे मेकॅनिकलाही माहीत असतं. या घाईचा फायदा घेऊन माझी जी फसवणूक झाली, ती सविस्तर लिहितो आहे. माझ्यासारखा आणखी एक जण त्याच माणसाकडून, त्याच सेल्फवर फसला, हे मला नंतर कळलं.

माझ्या बोटीला चाळीस हॉर्सपॉवरचं यामाहाचं इंजिन आहे. किल्ली फिरवली की एकदाच जोरात ‘टक्’ व्हायचं आणि पुढे काहीच नाही. बॅटरी नवी होती. दोरीने ओढून सुरू केलं की इंजिन एकदम व्यवस्थित चालायचं. मेकॅनिकला बोलावलं. त्याने कव्हर काढलं, सेल्फ उतरवला, खाली वाळूत फळीवर ठेवला आणि बॅटरीच्या जम्पर वायरी लावून दाखवल्या. सेल्फ हलला नाही. मग मागची टोपी उघडून बोटाला लागलेली काळी पूड माझ्यासमोर धरली. “दादा, बघ, सेल्फ जळलो. आर्मेचर गेला. आता बदलूकच होयो.”

नवा ओरिजिनल सेल्फ त्याच्याकडे तयारच होता. अठरा हजार सांगितले. “जुनो माका दी, भंगारात घालतंय, तुका दोन हजार कमी करतंय.” सोळा हजार दिले. बिल मागितलं तर साध्या वहीच्या कागदावर ‘स्टार्टर १’ एवढंच लिहून दिलं. नवा सेल्फ बसवला, किल्ली मारली, इंजिन पहिल्या फटक्याला सुरू झालं. त्या क्षणी कोणालाही वाटेल की माणसाने रोग बरोबर ओळखला.

काही आठवडे बरे गेले. मग एका दुपारी कर्ली नदीच्या मुखाशी, संगमावर, पर्यटकांना डॉल्फिन दाखवून परतताना इंजिन बंद केलं आणि पुन्हा सुरूच होईना. सेल्फ घरघरत फिरायचा, फ्लायव्हील, म्हणजे इंजिनावरचं जड चाक, मात्र जागचं हलायचं नाही. ओहोटी लागलेली होती. त्या जागी ओहोटीचा ओढ काय असतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. बोटीत दोन लहान मुलं होती. सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट होती आणि गावातलीच एक बोट जवळ होती, तिने दोर टाकून आम्हाला ओढून आणलं. त्या मुलांच्या आईचा चेहरा मी विसरलेलो नाही. म्हणून हा विषय माझ्यासाठी सोळा हजारांवर संपत नाही.

हा ‘नवा’ सेल्फ मी कुडाळला एका जुन्या रिवाइंडिंगवाल्याकडे, म्हणजे मोटरींच्या तारा पुन्हा गुंडाळून देणाऱ्याकडे, नेला. त्याने तो माझ्यासमोर खोलला. वरून चकचकीत काळा रंग, आत कच्चा पत्रा. टोपी आणि बॉडीच्या जोडात पाणी अडवणारी रबरी रिंगच नव्हती, त्यामुळे खारं पाणी सरळ आत गेलेलं. ब्रशांच्या स्प्रिंगा गंजून लाल झालेल्या. बेंडिक्सचे, म्हणजे सेल्फच्या टोकाच्या दातेरी चाकाचे, दात टोकाला तुटलेले. ते दात फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये नीट बसत नव्हते, म्हणून रिंगचेही काही दात खाल्ले गेले होते. सेल्फ बदलणं त्या मानाने सोपं, पण रिंगचे दात गेले की फ्लायव्हीलच बदलण्याची वेळ येते. आउटबोर्डच्या सेल्फची फिरण्याची दिशा आणि बेंडिक्सच्या दातांची संख्या इंजिनाशी जुळावीच लागते. नुसता बोल्टांच्या भोकांवर बसला म्हणून तो आपला होत नाही.

त्या सेल्फवर स्टिकरही होतं, फक्त नावाचं. भाग क्रमांक नाही. यामाहाच्या सुट्या भागांच्या क्रमांकात सुरुवातीची अक्षरं-आकडे मॉडेलचे असतात आणि मधले पाच आकडे तो भाग कोणता ते सांगतात. स्टार्टर मोटरला ते ८१८०० असतात. इंजिन बोटीला धरणाऱ्या क्लॅम्पवरच्या पट्टीवरून मॉडेल बघावं, अधिकृत विक्रेत्याकडून पूर्ण क्रमांक काढावा आणि खोक्यावरच्या क्रमांकाशी ताडून बघावा. खोकंच नसेल तर ‘ओरिजिनल’ या शब्दाला काही किंमत देऊ नये.

मग प्रश्न राहिला की हा असला माल बसवल्यावर इंजिन पहिल्या फटक्याला सुरू कसं झालं? याचं उत्तर अर्थच्या वायरीत सापडलं. बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनाच्या बॉडीवर येणारी जाड वायर मी हातात घेतली, तर तिच्या टोकाला कोरी करकरीत थिंबल, म्हणजे बोल्टात अडकवायची धातूची कडी, दाबलेली. वायर जुनी, थिंबल नवी. ती मी बसवलेली नव्हती. खाऱ्या हवेत थिंबलच्या आत तांब्याला हिरवी बुरशी चढते, रबराच्या आतून ती पुढे सरकते आणि बाहेरून वायर धडधाकट दिसते. सेल्फला ओढायला शंभर अँपिअरच्या आसपास करंट लागतो, तो त्या हिरव्या पुडीतून जातच नाही. म्हणून एकदाच ‘टक्’ व्हायचं. मेकॅनिकला खरा दोष पहिल्या पाच मिनिटांत कळला होता. त्याने तो गुपचूप दुरुस्त केला आणि सेल्फचे पैसे घेतले.

पण वाळूत ठेवलेला सेल्फ जम्परवर का फिरला नाही? माझ्या भाच्याने तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. तो मोठा करून पाहिला. काळा चिमटा सेल्फच्या बॉडीवर लावलेला दिसतो, पण नेमका जाड रंगावर. रंगातून वीज जात नाही. चिमटा उघड्या धातूवर, बोल्ट बसतो त्या कानावर लावला असता तर सेल्फ फळीवरून उडी मारून खाली पडला असता. काळ्या पुडीचंही तेच. कार्बनचे ब्रश झिजतात, त्यांची पूड प्रत्येक चालू सेल्फमध्ये असते. जळलेल्या वाइंडिंगला करपलेल्या वार्निशचा वास येतो, तारांवरचा लेप काळा पडून सुटतो. पूड आणि जळणं यात फार फरक आहे.

यापुढचं जास्त चीड आणणारं आहे. मागे एकदा मी माझ्या मूळ सेल्फचे ब्रश बदलून घेतले होते, तेव्हा रिवाइंडिंगवाल्याने दोन्ही लांब बोल्टांच्या डोक्यांवर लाल ऑइलपेंटची रेघ ओढली होती. बोल्ट कोणी फिरवला तर रेघ तुटते, यासाठी. वाडीतल्या एका काकांच्या बोटीचं कव्हर उघडं होतं आणि तिथे मला त्या दोन लाल रेघा दिसल्या, तुटलेल्या.

“काका, ह्यो सेल्फ खंय गावलो?”

“तुझ्याच मेकॅनिकान दिल्यान. सेकंडहँड आसा, पण ओरिजिनल.”

त्यांनी त्याचे नऊ हजार मोजले होते. त्यांचाही जुना सेल्फ ‘भंगारात’ गेला होता. माझा धडधाकट सेल्फ काकांना, काकांचा बहुधा तिसऱ्या कोणाला. एवढ्यावर हा धंदा चालतो. जुना माल हातात आल्याशिवाय तो चालू शकत नाही, म्हणूनच ते दोन हजार कमी केले जातात.

तेव्हा कोणी सेल्फ बदलायला सांगितला तर उतरवू देण्याआधी इंजिनावरच मीटर लावायला सांगा. साधा मीटर काही शे रुपयांत मिळतो, बोटीत ठेवावाच. भरलेली बॅटरी काही न चालवता १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. किल्ली मारलेली असताना बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली उतरली तर आधी बॅटरी बघा. बॅटरीवर ११ आणि सेल्फच्या बोल्टावर ७ असतील तर मधले चार व्होल्ट वायर किंवा सोलेनॉइड (किल्ली मारल्यावर सेल्फला करंट जोडणारा स्विच) खातंय, सेल्फ नाही. मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून किल्ली मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थ खराब. ही शेवटची तपासणी माझ्या इंजिनावर कोणी केली असती तर सगळा दोष एका थिंबलीत आहे हे तेव्हाच कळलं असतं.

आवाजही बरंच सांगतो. टक-टक-टक अशी भराभर टकटक असेल तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल. काहीच आवाज नसेल तर फ्यूज, किल्लीचा स्विच, आणि गियर न्यूट्रलला आहे की नाही, कारण गियर पडलेला असेल तर सेल्फ मुद्दामच लागत नाही. सेल्फ नुसता घरघरत असेल तर बेंडिक्स मिठाने अडकलेला असतो, तो साफ करून हलकं तेल लावलं की पुष्कळदा सुटतो. तिथे घट्ट ग्रीस थापू नका, त्यात वाळू धरते. आणि सेल्फ अजिबात जोर घेत नसेल तर प्लग काढून फ्लायव्हील हाताने फिरवून बघा. इंजिनच जाम असेल किंवा सिलेंडरमध्ये पाणी असेल तर नवा सेल्फही तिथेच मरेल. पाच सेकंदांपेक्षा जास्त सलग सेल्फ मारू नका. वायरींना हात लावण्याआधी निगेटिव्ह काढा आणि पेट्रोलच्या टाकीजवळ जम्परचे प्रयोग कोणालाही करू देऊ नका.

बोटीत गाठ मारलेली दोरी ठेवा, फ्लायव्हीलच्या खाचेत अडकवून इंजिन ओढता येतं. मात्र दोरीने ओढताना न्यूट्रलचं संरक्षण चालत नाही, गियर स्वतः बघूनच ओढा.

आता पैशांचं. मेकॅनिकने आधी ओळखच दाखवली नाही. व्हिडिओ, लाल रेघांचे फोटो आणि रिवाइंडिंगवाल्याने लिहून दिलेला कागद समोर ठेवल्यावर त्याने माझे निम्मे पैसे परत केले. काकांना अजून काही मिळालेलं नाही. त्यामुळे आम्ही दोघांनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाचे कागद तयार करतो आहोत. ‘तुमचा धंदा आहे, तुम्ही ग्राहक नाही’ असं सांगून आपल्याला परतवलं जातं, ते मानू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतः राबून पोट भरणाऱ्याने त्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरलेली नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात फी नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. दुसऱ्याचं खोटं नाव लावून माल विकणं ट्रेड मार्क कायद्याखाली वेगळा गुन्हा आहे. बिलावर भाग क्रमांक, इंजिनाचा क्रमांक आणि ‘जुना भाग ग्राहकाला परत दिला’ ही ओळ लिहून घ्या.

माझा मूळ सेल्फ मी काकांच्याच बोटीवर राहू दिला आहे, कारण त्यांनी त्याचे पैसे मोजलेत. खोटा सेल्फ माझ्याकडे आहे. देवबागला कोणाला बघायचा असेल तर या, खोलून दाखवतो.