व्हिएतनामचा ई-व्हिसा काढताना होणारी फसवणूक

मुंबईहून हनोई आणि हो चि मिन्ह सिटीला थेट विमानं आहेत, त्यामुळे व्हिएतनामला जाणारी मराठी कुटुंबं बरीच दिसतात. त्यांना गाठणारे लबाडही तितकेच. गुगलवर ‘व्हिएतनाम व्हिसा’ टाकलं की वरती जाहिराती येतात. लाल पट्टी, पिवळी चांदणी, सगळं सरकारी वाटेल असं. नजर पत्त्यावर ठेवा. खरं संकेतस्थळ ‘डॉट जीओव्ही डॉट व्हीएन’नेच संपतं. ‘जीओव्ही’ मध्येच कुठेतरी आणि शेवटी ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट ऑर्ग’ असेल, तर ते सरकारी नाही.

सरकारी फी एका प्रवेशाला 25 डॉलर, अनेक प्रवेशांना 50. 15 ऑगस्ट 2023 पासून हा व्हिसा 90 दिवसांपर्यंतचा मिळतो. बनावट संकेतस्थळं याच्या दुप्पट-तिप्पट घेतात आणि वर ‘अर्जंट’चे वेगळे. पुष्कळदा तीच माहिती सरकारी पोर्टलवर टाकून व्हिसा आणून देतात, म्हणून आपण लुबाडलो गेलो हे कळतही नाही.

खरा घात होतो तो घाईघाईने भरलेल्या अर्जात. आपल्या पासपोर्टवर बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. एजंट आधार कार्डावरून नाव उचलतो आणि मधलं नाव गाळतो. लग्नानंतर पासपोर्ट न बदललेल्या बायकांच्या बाबतीत तर आडनावच चुकतं. पासपोर्ट क्रमांकात शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ पडतो. निघालेल्या व्हिसात दुरुस्ती होत नाही, नवा अर्ज आणि नवी फी लागते. चूक उघडी पडते ती मुंबईच्या चेक-इन काउंटरवर, आणि मग तोच एजंट फोनवर ‘दोन तासांत करून देतो’ म्हणत आणखी पैसे मागतो. सरकारी मुदत साधारण तीन कामाच्या दिवसांची आहे. शनिवार-रविवार त्यात धरत नाहीत आणि तेतच्या, म्हणजे तिकडच्या नववर्षाच्या, सुट्ट्यांत काम रखडतं.

तारखाही स्वतः तपासा. व्हिसाची मुदत तिथे पोहोचल्यापासून मोजत नाहीत, व्हिसावर छापलेल्या तारखाच धरतात. परतीचं विमान रात्री साडेबाराचं असेल आणि एजंटने आदल्या दिवसापर्यंतचाच व्हिसा काढला असेल, तर दंडाची वेळ येते. दोन्ही बाजूंना चार-पाच दिवस जास्त मागितले तरी फी तेवढीच. मधे ‘अंगकोर वाट’चं मंदिर बघायला कंबोडियात जाऊन पुन्हा व्हिएतनामला यायचं असेल, तर 50 डॉलरचाच व्हिसा हवा. सहल विकताना ही गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते.

‘व्हिसा ऑन अरायव्हल, फक्त काही डॉलर’ ही जाहिरातही अर्धवट असते. त्या पैशांत मिळतं ते नुसतं मंजुरीपत्र. विमानतळावर स्टँपिंगचे 25 डॉलर वेगळे मोजावे लागतात.

व्हिएतनामच्याच फु क्वोक बेटावर थेट उतरून तिथेच राहायचं असेल तर 30 दिवस व्हिसाच लागत नाही, तरी पॅकेजमध्ये त्याचे पैसे लावलेले आढळतात. तिथून मुख्य भूमीवर जाणार असाल तर मात्र व्हिसा आधी हातात हवा.

एजंटकडूनच करायचं असेल तर तीन गोष्टी मागून घ्या: अर्जाचा नोंदणी क्रमांक, अर्जात दिलेला ईमेल आणि भरलेल्या अर्जाची प्रत. सरकारी संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक, ईमेल आणि जन्मतारीख टाकली की अर्जाची स्थिती दिसते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पीडीएफवर विसंबू नका, त्यातल्या तारखा बदलणं अवघड नाही. क्रमांक द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याने अर्ज भरलाच नसण्याची शक्यता मोठी.

पैसे गेलेच असतील तर आधी पानाचे, पावतीचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट काढा, कारण अशी संकेतस्थळं रातोरात गायब होतात. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेला कार्ड ब्लॉक करायला सांगून ‘चार्जबॅक’चा, म्हणजे कार्डाने गेलेले पैसे परत मिळवण्याचा, लेखी अर्ज द्या. पासपोर्टची प्रत त्यांच्याकडे गेलेली असते, ही बाबही तक्रारीत स्पष्ट लिहा.