दोन सत्रांच्या वापरानंतर: शाळेची वेबपानं आणि कॅपिटल अक्षरांचा ताप

सहलीच्या पानावर १२ फोटो. संगणक कक्षातल्या सगळ्या मशिनवर बाराच्या बारा दिसत होते. पान गिटहब पेजेसवर (गिटहब या संकेतस्थळाची वेबपानं फुकट ठेवण्याची सोय) चढवलं आणि सात जागी नुसती फाटक्या चित्राची खूण. हा अनुभव लिहायला बसण्याचं कारण एवढंच.

कॅमेऱ्यानं फाइलच्या नावाला शेपूट लावलं कॅपिटल जेपीजीचं आणि मुलांनी कोडमध्ये टाइप केलं स्मॉल. विंडोजला दोन्ही सारखंच, पण वेबचे सर्व्हर बहुधा लिनक्सवर चालतात आणि तिथे ही दोन वेगळी नावं. बरं, दुरुस्त करायला जावं तर आणखी एक मेख: विंडोजवर नावातलं कॅपिटल नुसतं स्मॉल केलं, तर काही बदललंय हे गिटच्या (फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणारी, गिटहबच्या मुळाशी असलेली प्रणाली) गावीही नसतं. आधी भलतंच नाव देऊन कमिट करायचं, म्हणजे बदल नोंदवायचा, मग हवं ते नाव देऊन पुन्हा कमिट. कमांड येत असेल तर ‘गिट एमव्ही’नं काम होतं. ब्राउझरमधून नव्या नावाची फाइल चढवली, तर जुनीही शेजारी तशीच पडून राहते. म्हणून पहिल्या तासाला एकही टॅग (पानाच्या कोडमधली एचटीएमएलची खूण) न शिकवता फक्त नावं शिकवावीत: सगळं स्मॉल, मध्ये स्पेस नाही, जोडायला हायफन. फाइल एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शन (नावाची शेपटं) दिसतील अशी खूण आधीच करून ठेवा. नाहीतर नोटपॅडमध्ये जपून केलेलं ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ प्रत्यक्षात ‘डॉट टीएक्सटी’वर संपतं आणि पान का उघडत नाही यावर अख्खा तास जातो.

एरवी नोटपॅडबद्दल तक्रार नाही. २०१९पासून विंडोज १०मध्ये ते मुळातच यूटीएफ-८मध्ये, म्हणजे मराठीसह सगळ्या लिप्या सामावणाऱ्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत), सेव्ह करतं. त्याआधीच्या मशिनवर सेव्ह करताना एन्कोडिंग बदललं नाही तर मराठी मजकुराची प्रश्नचिन्हं होतात, आणि ती पुन्हा अक्षरं होत नाहीत. हेड टॅग उघडल्याबरोबर कॅरेक्टर सेटची, म्हणजे ब्राउझरला हे एन्कोडिंग सांगणारी, ओळ हवीच. वर्डमधलं ‘वेब पेज म्हणून सेव्ह करा’ मात्र विसरून जा, चार ओळींच्या सूचनेसाठी ते पानभर कचरा ओततं. जुन्या मशिनवर व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर धापा टाकतो. नोटपॅड प्लस प्लस फुकट आहे, हलकं आहे, टॅगना रंग देतं. एवढं पुरे.

पहिल्या सत्रात गूगल साइट्सला नाकं मुरडली होती. ओढा-सोडा, त्यात मुलं काय शिकणार? पानाचा स्वतःचा कोड हाती लागत नाही, हा आक्षेप आजही कायम आहे. पण सूचना आणि वेळापत्रकाच्या पानासाठी तेच बरं, हे आता कबूल. तिथे नावांचा घोळच नाही, ज्यांना टॅग येत नाहीत ते शिक्षकही पाच मिनिटांत बदल करतात. मात्र दोन गोष्टी सांभाळा. पान सर्वांना खुलं केलं तरी त्यात अडकवलेली ड्राइव्हवरची फाइल आपोआप खुली होत नाही, तिची परवानगी वेगळी द्यावी लागते. पालकांना ‘अॅक्सेस मागा’ दिसतं आणि शिक्षकांना, लॉगिन असल्यामुळे, सगळं ठीक दिसतं. दुसरं, साइट राहते मालकाच्या ड्राइव्हमध्ये. ते शिक्षक शाळा सोडून गेले आणि मालकी दुसऱ्याकडे न देता खातं काढून टाकलं, तर शाळेच्या गूगल खात्यांच्या अॅडमिनच्या हातात ते खातं परत आणायला २० दिवस असतात.

वर्डप्रेस (साइट बनवण्याचं तयार सॉफ्टवेअर) चांगलं आहे, पण स्वतःच्या होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवायला घेतलेल्या सर्व्हरच्या जागेवर, घेतलं की अपडेट, प्लगइन, बॅकअप हे दर महिन्याचं काम. ते करणारा माणूस नेमलेला नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

गिटहबबद्दलचं मतही अर्धं बदललं. १ जीबीची साइट, खर्च शून्य, काटकसरी माणसाला आणखी काय हवं? पण फुकट खात्यावर पेजेससाठी रिपॉझिटरी (साइटच्या फाइलींचा साठा) सार्वजनिक ठेवावी लागते आणि काढलेली फाइल इतिहासात राहते. पालकांनी हरकत घेतलेला मुलाचा फोटो डिलीट केला तरी मागच्या कमिटमध्ये तो कुणालाही सापडतो. म्हणून मुलांचे चेहरे तिथे नाहीतच. चित्रं, प्रकल्प, आलेख जाऊ देत. खातं शिक्षकांचंच ठेवा, १३ वर्षांखालच्यांना तिथे मुभा नाही.

जे फोटो जातील ते आधी बारीक करा. मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ३ ते ५ एमबी भरतो. बारा फोटोंत पान ५० एमबीच्या घरात, मोबाइलवर कोण थांबणार? गिम्प या फुकट चित्र-संपादकात रुंदी १२०० पिक्सेल, जेपीजीची गुणवत्ता ७५ ते ८०, आणि एक्स्पोर्ट करताना एक्झिफची (फोटोत दडलेल्या माहितीची) खूण काढा, कारण मोबाइलमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटो कुठे काढला हे त्यातच लिहिलेलं असतं. बहुतेक फोटो काही शे केबीवर येतात.

चढवून झाल्यावर पान ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडा, एफ१२ दाबा, नेटवर्कच्या टॅबवर जाऊन पान रिफ्रेश करा. लाल ओळ आणि समोर ४०४ (फाइल सापडली नाही) दिसलं की त्या फाइलचं नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा. शेवटच्या तीन अक्षरांपासून सुरुवात करा.