पऱ्हाटीचा बायोचार: माल चांगला, पण चाळूनच वापरा

बायोचार म्हणजे कमी हवेत जाळून केलेला, मातीत मिसळायचा कोळसा; हा पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा. नागपूरच्या बाजारात पोत्यातून मिळणारा हा माल नीट जळलेला आहे. तुकडा बोटांत करकरीत मोडतो आणि काळे हात नुसत्या पाण्याने साफ होतात. साबण लागला असता, तर जळण अर्धवट समजावं.

तक्रार राखेची. पोत्याच्या तळाशी ती बरीच आहे, आणि सामू (pH) कुठेच छापलेला नाही. संत्रा बागेत हे चालत नाही. आपली काळी, चुनखडीची जमीन आधीच विम्लधर्मी. राखेने सामू वाढला की लोह-जस्त अडकतं, नवी पालवी पिवळी पडते. म्हणून आधी चाळून राख काढा.

कच्चा, म्हणजे शेणखतात न मुरवलेला बायोचार थेट टाकू नका, तो मातीतलं नत्र धरून बसतो. 1 घमेलं बायोचार, 4 घमेली कुजलेलं शेणखत, वर शेणाची स्लरी. ढीग ओल्या गोणपाटाखाली 3 आठवडे ठेवा. मुठीत गोळा व्हावा, पाणी गळू नये. मग बुंध्यापासून 2 फूट सोडून वरच्या 3-4 इंचांत हलकेच मिसळा. संत्र्याची तंतुमुळं तिथेच असतात, कुदळीने तुटतात.

मुरमाड बरडीला हा माल जरूर घ्यावा. भारी काळीत मात्र फरक कमीच दिसतो. पोतं उघडताच पाणी शिंपडा, धूळ छातीत जाते.